जवळच्या मित्राला येशूबद्दल सांगायचंय? आधी चर्चची भाषा घरी ठेवा

अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं हो, तो उद्या भेटणार नसतो. अवघड असतो तो रोजचा मित्र, ज्याने आपल्याला चिडताना, थापा मारताना, टपरीवर उधारी थकवताना बघितलंय. त्याच्यासमोर एकदम संत व्हायला गेलात तर तो हसणारच, आणि हसू दे.

माझं काय झालं ते सांगतो. हॉस्टेलला असताना रविवारी चर्चहून आलो की रूममेटच्या उशीवर गुपचूप येशूबद्दलची छापील पत्रिका ठेवायचो, आणि एकदा जोशात येऊन थेट विचारलं, "तुझं तारण झालंय का?" तो म्हणाला, "कशाचं, सोन्याचं?" त्याच्या वडिलांनी नुकतंच दागिने ठेवून कर्ज काढलं होतं, त्याला तारण म्हणजे तेवढंच माहीत, मी विचारत होतो पापातून सुटकेबद्दल! मी हसायचं सोडून त्याला लेक्चर दिलं आणि मग महिनाभर तो मी रूमवर आलो की हेडफोन घालायचा.

तेव्हा कळलं की आपली निम्मी भाषा बाहेर वेगळीच ऐकू जाते. आपली साक्ष म्हणजे देवाचा अनुभव सांगणं, त्यांना वाटते कोर्टातली; आपली मंडळी म्हणजे चर्चचे लोक, त्यांना वाटते "काय मंडळी, जेवलात का" मधली; येशूवर विश्वास ठेवून आयुष्य बदलणं याला आपण नवा जन्म म्हटलं की समोरचा पुनर्जन्मावर जातो. म्हणून एक करा, बोलायच्या आधी तुमची गोष्ट एकही चर्ची शब्द न वापरता आईला फोनवर सांगतो तशी सांगून बघा. "प्रभूने मला शांती दिली" ऐवजी "भावाशी दोन वर्षं बोलत नव्हतो, प्रार्थनेला बसलो की त्याचंच तोंड आठवायचं, शेवटी मीच फोन लावला". बास, एवढंच, पुढचं तो विचारेल. नाही विचारलं तर विषय सोडा.

दुसरं म्हणजे लपवू नका. रविवारी सकाळी मॅच ठेवली की आपण "जरा काम आहे" म्हणतो, का? "चर्चला जातोय, सुटलं की येतो" असं सरळ सांगा ना. नाताळला घरी बोलवा, करंज्या-शंकरपाळ्या खाऊ घाला, आणि खाऊ घातल्याची वसुली म्हणून प्रवचन देऊ नका.

मराठी कवी ना. वा. टिळकांचंच बघा. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक गोरा सहप्रवासी भेटला, त्याच्याशी गप्पा झाल्या त्या आधी संस्कृत काव्यावर, कारण समोर कवी बसलेला, आणि मग त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, हातात दिला. टिळकांनी तो स्वतः वाचला, वाद घातले, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आणि लक्ष्मीबाई? त्यांना स्वतःला पटायला आणखी काही वर्षं गेली. सख्ख्या बायकोला एवढा वेळ लागतो तर तुमच्या मित्राला दोन चहात पटावं ही अपेक्षा का?

मित्र अडचणीत असेल तर आधी डबा पोचवा, रात्री हॉस्पिटलला थांबा. "मी प्रार्थना करू का?" हे विचारून करा, नको म्हणाला तर राग नाही, हो म्हणाला तर साध्या मराठीत दोन वाक्यं. "येशूला मान, मग बाबा बरे होतील" असलं चुकूनही बोलू नका, हा सौदा झाला, आणि बाबा नाही वाचले तर? घटनेच्या कलम 25 ने आपला धर्म सांगायचा हक्क दिलाय, पण सुप्रीम कोर्टाने 1977 मध्येच म्हटलंय की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मैत्रीत तर तो नव्हताच कधी.

वाचायला मागितलंच तर अख्खं बायबल गळ्यात मारू नका, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू केलेले बरेच जण तिसऱ्या, लेवीयपर्यंत गळतात. त्यातलं येशूची गोष्ट सांगणारं मार्कचं पुस्तक द्या, सोळाच अध्याय आहेत. किंवा लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय, उधळ्या मुलाची गोष्ट: पैसे उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो आणि घरी राबणारा मोठा भाऊ रुसतो. त्याच रूममेटने बऱ्याच वर्षांनी स्वतःहून मागितलं तेव्हा मी हेच दिलं, आणि रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, "अरे पण मोठ्या भावाचं काय चुकलं? तो तर राबत होता ना शेतात." माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं, टाइप केलं, डिलीट केलं, लिहिलं, "मलाही तोच प्रश्न पडतो, उद्या भेट." तो स्वतः घरातला थोरला, त्यामुळे अजून तो मोठ्या भावाच्याच बाजूने भांडतोय.