सुपरक्रॉसच्या मेन इव्हेंटआधी रायडरचा फॉर्म कसा वाचायचा

एएमए सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममध्ये बांधलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या अमेरिकन मोटरसायकल शर्यतींची, फेरी जवळ आली की बहुतेक जण मागच्या शनिवारचा निकाल काढून बसतात. पहिला कोण, तिसरा कोण, पाचवा कोण. फॉर्म ओळखायला हा आकडा सगळ्यात कमी कामाचा. पाचव्या नंबरावर आलेला रायडर खराब स्टार्टनंतर पंधराव्या जागेवरून वर आलेला असू शकतो, किंवा होलशॉट घेऊन, म्हणजे पहिल्या वळणाला सगळ्यांत पुढे राहून, लॅपमागून लॅप घसरत गेलेलाही असू शकतो. गुणतक्त्यात दोघांना सारखेच १७. पुढच्या शनिवारी मात्र दोघांकडून सारखी अपेक्षा ठेवली तर अंदाज चुकणारच. म्हणून निकाल जरा बाजूला ठेवायचा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: पहिल्या लॅपनंतरची जागा, मोकळ्या ट्रॅकवरचा वेग, आणि शेवटच्या पाच-सहा मिनिटांत तो वेग टिकतो का.

याला लागणारी माहिती प्रत्येक फेरीनंतर अधिकृत निकालांसोबत मिळते. लॅप चार्टमध्ये प्रत्येक लॅपला कोण कितव्या जागी होता ते असतं. वैयक्तिक लॅप टाइमच्या तक्त्यात प्रत्येक रायडरच्या सगळ्या लॅप असतात आणि सेगमेंट टाइममध्ये ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याची वेळ असते. शेवटच्या चार फेऱ्यांचे हे कागद उतरवून घ्या, एक साधी स्प्रेडशीट उघडा, आणि आधी फक्त पहिल्या दहा-बारा रायडरांवर काम करा. बाविसाच्या बावीस जणांचं करायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडाल.

रचना लक्षात असू द्या, कारण आकड्यांचा अर्थ तिच्यावरच ठरतो. रात्रीच्या कार्यक्रमात प्रत्येक वर्गात ४० रायडर येतात. २०-२० जणांच्या दोन हीट, म्हणजे पात्रता रेस, होतात, प्रत्येकी ६ मिनिटं अधिक एक लॅप, आणि प्रत्येक हीटमधून पहिले ९ मेन इव्हेंटला, म्हणजे रात्रीच्या अंतिम रेसला, जातात. उरलेल्या चार जागा लास्ट चान्स क्वालिफायरमधून भरतात. ४५० सीसीचा मेन २० मिनिटं अधिक एक लॅप, २५० सीसीचा १५ मिनिटं अधिक एक लॅप. म्हणजे ६ मिनिटांची हीट जिंकणं आणि २० मिनिटांचा मेन जिंकणं या वेगळ्या कसोट्या आहेत. हीटचा उपयोग दोनच गोष्टींसाठी करायचा: त्या रात्री रायडर गेटवरून, म्हणजे स्टार्टच्या रांगेतल्या आपल्या जागेवरून, कसा निघतोय, आणि मेनला त्याला गेट निवडायची पाळी कधी येणार.

वेग मोजताना सरासरी नको, मध्यक घ्या

मेनचे लॅप टाइम घेताना पहिली लॅप काढून टाका. ती गेटपासून सुरू होते, त्यामुळे पूर्ण लॅपशी तिची तुलनाच होत नाही. उरलेल्या लॅपची सरासरी काढायचा मोह होतो, आणि गफलत तिथेच होते. समजा एका रायडरच्या दहा लॅप अशा आहेत: ५२.४, ५२.१, ५२.६, ५२.३, ५८.९, ५२.८, ५३.०, ५२.७, ५३.४, ५३.१. पाचव्या लॅपला तो ट्रॅकबाहेर गेला. सरासरी येते ५३.३३ सेकंद. चढत्या क्रमाने लावून मधल्या दोन वेळांचा मध्य घेतला तर ५२.७५. फरक अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त, पण २४ लॅपच्या मेनमध्ये तो जवळपास १४ सेकंद होतो. पोडियमवरचा रायडर आणि सातव्या-आठव्या नंबराचा रायडर यांच्यात इतकं अंतर सहज असतं. एका चुकीमुळे त्याला संथ ठरवलं तर पुढच्या फेरीचा अंदाज फसणार. ती चूक विसरायची नाही, पण तिची नोंद वेगळ्या रकान्यात करायची.

आता हा मध्यक थेट दुसऱ्या फेरीच्या मध्यकाशी ताडू नका. प्रत्येक स्टेडियममध्ये ट्रॅक नव्याने बांधतात आणि लॅपची लांबी दर आठवड्याला बदलते. त्या रेसमधला सर्वांत वेगवान मध्यक शोधा आणि बाकीच्यांचा फरक टक्क्यांत मांडा. सर्वांत वेगवान ५२.२ असेल, तर वरचा रायडर १.०५ टक्के मागे. हा आकडा एका फेरीतून दुसरीत नेता येतो.

शेवटच्या चार फेऱ्यांचे टक्के मिळाले की अलीकडच्या फेरीला जास्त वजन द्या: ४, ३, २, १. ताज्या फेरीपासून मागे ०.४, ०.९, ०.६, १.२ असे आकडे असतील तर (१.६ + २.७ + १.२ + १.२) भागिले १०, म्हणजे ०.६७ टक्के. दोन रायडरांत ०.१ ते ०.२ टक्क्यांचा फरक दिसला तर त्याला फरक म्हणू नका. ५२ सेकंदांच्या लॅपवर तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जातो, आणि मागे पडलेल्या एका रायडरने वाट सोडायला सांगणारा निळा झेंडा उशिरा पाहिला तरी तेवढा वेळ जातो.

शेवटच्या टप्प्यातली घसरण बघायची असेल तर तिसऱ्या ते सातव्या लॅपचा मध्यक आणि शेवटच्या पाच लॅपचा मध्यक यांतला फरक घ्या. ट्रॅक खराब होत जातो, म्हणून सगळेच थोडे हळू होतात. तेव्हा हा फरकही इतरांच्या फरकाशी ताडायचा. इथे एक सापळा आहे. आठ-दहा सेकंदांची आघाडी घेतलेला रायडर शेवटी मुद्दाम सैल सोडतो. त्याच्या आकड्यात घसरण दिसते, पण तो थकलेला नसतो. लॅप चार्टवर मागच्या रायडरशी अंतर किती होतं ते पाहिल्याशिवाय कुणालाही दमलेला ठरवू नका. उलट तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी लढत असूनही शेवटच्या सहा लॅपमध्ये सेकंदभर गमावणारा रायडर खरंच अडचणीत असतो. हाताच्या पुढच्या भागाचे स्नायू आवळून क्लच-ब्रेकवरची पकड जाते, त्याला आर्म पंप म्हणतात, आणि दुखापतीतून परतलेल्या रायडरांत तो बऱ्याचदा दिसतो. असा रायडर दिवसा क्वालिफाइंगला चमकतो आणि रात्री अर्ध्या मेननंतर मागे सरकतो.

स्टार्ट

सुपरक्रॉसमध्ये लॅप लहान, ट्रॅक अरुंद, आणि पहिल्या दहा जणांचा वेग जवळजवळ सारखा. त्यामुळे ओव्हरटेक करणं महागात पडतं. लॅप चार्टवरून पहिल्या लॅपअखेरची जागा उतरवा आणि चार-पाच फेऱ्यांचा मध्यक काढा. शेजारी अंतिम जागेचा मध्यक लिहा. स्टार्ट ९ आणि शेवट ४ असा रायडर असेल तर त्याचा वेग आहेच, अडतंय ते गेटवर. त्याला या आठवड्यात चांगलं गेट मिळालं तर तो अंदाजापेक्षा वर येईल. स्टार्ट ३ आणि शेवट ७ असेल तर उलटं. अशा रायडरवर लोक दर आठवड्याला भुलतात, कारण टीव्हीवर पहिली पाच मिनिटं तोच दिसत असतो.

होलशॉटची आकडेवारी मात्र फारशी धरू नका. पहिल्या वळणाला पुढे असणं आणि लॅपअखेर पहिल्या पाचांत असणं यांत बराच फरक पडतो. पहिल्या ताल-विभागात, म्हणजे एकापाठोपाठ उड्यांच्या रांगेत, दोन जागा गमावणारे कितीतरी आहेत.

निकालातले कुठले आकडे वगळायचे

चिखलाची रेस तक्त्यातून काढा, किंवा बाजूला वेगळी ठेवा. २०२५ मध्ये फॉक्सबरोला चिखलात आरोन प्लेसिंजर जिंकला. तो चिखलात तरबेज आहे आणि तो विजय त्याने कमावलेलाच होता, पण पुढच्या आठवड्यातल्या कोरड्या, कडक ट्रॅकवर त्याचा वेग किती असेल हे त्या रेसमधून कळत नाही.

डेटोनाही वेगळं धरा. तो ट्रॅक फुटबॉल स्टेडियममध्ये नसून डेटोना इंटरनॅशनल स्पीडवेवर बांधतात. लॅप लांब, माती वाळूसारखी आणि खोल चऱ्या पडणारी, अंगाने मोटोक्रॉसच्या जवळची. एलाय टोमॅकने २०१९ ते २०२३ अशी सलग पाच वर्षं तिथे बाजी मारली, यावरून ट्रॅक आणि रायडर यांचं नातं किती घट्ट असू शकतं ते दिसतं. अशा ठिकाणी गेल्या आठवड्याच्या फॉर्मपेक्षा त्याच जागेचे जुने निकाल जास्त बोलतात. डेन्व्हरचा प्रश्न उंचीचा. १,६०० मीटरवर हवा विरळ असते, इंजिनची ताकद साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याने कमी होते आणि २५० च्या गाड्यांना ते जास्त जाणवतं. वळणातून लगेच मोठी उडी असेल तर कोण ती सलग मारतोय आणि कोण दोन तुकड्यांत मारतोय हे दिवसाच्या सरावातच बघून घ्या.

ट्रिपल क्राउन फेरीत एका मेनऐवजी तीन छोटे मेन होतात, ४५० साठी १२ मिनिटं अधिक एक लॅप. तिन्ही जागांची बेरीज करतात आणि सर्वांत कमी बेरीज असलेला जिंकतो. १-१-८ ची बेरीज १०, ३-३-३ ची ९. म्हणजे एकही रेस न जिंकता फेरी जिंकता येते. त्या रात्रीचा एकूण नंबर तक्त्यात टाकू नका. तीन रेस तीन ओळींत भरा. एका रात्रीत तीन स्टार्ट मिळतात, आणि स्टार्टचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली माहिती मोसमात दुसरीकडे मिळत नाही. फक्त १२ मिनिटांवरून दमाचा निष्कर्ष काढू नका.

२५० च्या वर्गात पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग आळीपाळीने धावतात. मध्ये कित्येक आठवड्यांची सुट्टी पडते, तेव्हा सुट्टीआधीच्या आकड्यांचं वजन अर्धं करा. दोन विभाग एकत्र येणाऱ्या शोडाउनला दोघांचे टक्के एकमेकांशी जोडू नका, पूर्वेचा ०.५ टक्के आणि पश्चिमेचा ०.५ टक्के वेगवेगळ्या रायडरांच्या तुलनेत काढलेले असतात.

गुणतक्ता काय सांगतो, काय नाही

विजेत्याला २५, मग २२, २०, १८, १७ आणि तिथून एकेक कमी. पहिल्या-दुसऱ्यात तीनच गुणांचा फरक असल्यामुळे सातत्याला इथे भाव आहे. २०२५ मध्ये चेस सेक्स्टनने कूपर वेबपेक्षा जास्त फेऱ्या जिंकल्या, तरी विजेतेपद वेबने दोन गुणांनी नेलं. फेरीगणिक कोण जिंकेल हा प्रश्न असेल तर सेक्स्टनसारख्याचा वेग बघायचा. मोसमाचा प्रश्न असेल तर वेबसारख्याचा सर्वांत वाईट निकाल किती वाईट आहे ते बघायचं.

मोसमाच्या शेवटी लाल पाटी लावलेला, म्हणजे गुणांत आघाडीवरचा रायडर हिशोबाने चालवतो. दोन फेऱ्या उरल्यात आणि आघाडी २० गुणांची आहे असं धरा. प्रतिस्पर्ध्याने दोन्ही जिंकल्या तर त्याचे ५० होतात. आघाडीवाल्याला ३१ पुरतात. सहावा आणि सातवा नंबर, १६ अधिक १५, झालं काम. अशा वेळी तो व्हूप्समध्ये, म्हणजे लागोपाठच्या उंचवट्यांच्या रांगेत, जिवावर उदार होईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्या दोन फेऱ्यांतले संथ लॅप पुढच्या मोसमाच्या तक्त्यात नेऊ नका. आणि हिशोब कितीही पक्का वाटला तरी २०२३ चं डेन्व्हर आठवा: शेवटून दुसऱ्या फेरीत टोमॅक गुणांतही आणि रेसमध्येही पुढे होता, अकिलीस टेंडन तुटली, आणि विजेतेपद सेक्स्टनकडे गेलं.

शनिवारी दुपारी

क्वालिफाइंगच्या दोन सत्रांतली एकच उत्तम लॅप धरतात. म्हणून यादीतला पहिला नंबर फसवा. रायडर एक लॅप रमतगमत घालवतो, समोरचा ट्रॅक मोकळा करतो आणि मग एकच लॅप जीव तोडून मारतो. लॅप टाइमच्या तक्त्यात त्याच्या उत्तम वेळेच्या १ टक्क्याच्या आत किती लॅप आहेत ते मोजा. चार-पाच असतील तर तो वेग रात्रीही दिसेल. एकच असेल तर तो क्रमांक विसरा. दुसऱ्या सत्रात सगळेच हळू झाले असतील तर ट्रॅक तुटतोय, आणि तेव्हा पहिल्या सत्रातल्या वेळेपेक्षा दुसऱ्या सत्रातला क्रम विश्वासाचा.

सगळ्यात जास्त वेळ व्हूप्सच्या सेगमेंटवर द्या. सेगमेंटच्या सीमा दर आठवड्याला बदलतात, तेव्हा आधी ट्रॅकचा नकाशा घेऊन व्हूप्स कुठल्या तुकड्यात येतात ते ठरवा. त्या तुकड्यात कोण दोन-तीन दशांश कमावतोय ते लिहा, आणि तो वरून सरसरत जातोय की उड्या मारत जातोय तेही बघा. सरसरत जाणारा दुपारी वेगवान असतो, पण व्हूप्सच्या माथ्यांना खाचा पडल्या की मेनच्या उत्तरार्धात तोच तुकडा त्याला भोवतो. मागचं चाक एकदा आडवं झालं की तिथून वाचणं कठीण. उड्या मारणाऱ्याची वेळ सुरुवातीला कमी पडते, पण २० मिनिटं फारशी बदलत नाही. ज्याची दुपारची सगळी कमाई एकट्या व्हूप्सच्या तुकड्यातून आलेली आहे, त्याला मेनसाठी एक-दोन जागा खाली धरा.

हीट संपल्या की गेट निवडीचा क्रम कळतो आणि तक्त्यात शेवटची दुरुस्ती करायची वेळ येते. हीटमध्ये पडून नववा आलेला वेगवान रायडर मेनला बाजूच्या गेटवर ढकलला जातो, आणि लास्ट चान्समधून आलेल्यांना उरलेली गेटं मिळतात. ज्याचा स्टार्टचा मध्यक मुळातच ८-९ आहे, त्याला बाहेरच्या गेटवरून १२-१३ धरून चाला आणि मग त्याच्या टक्क्यांवरून तो कुठवर चढेल ते काढा. ज्याची स्टार्ट पक्की आहे त्याच्यासाठी हा दंड दोन जागांपेक्षा जास्त लावू नका.