जॉलाइन फिलर घेण्यापूर्वी या चुका टाळा

जबड्याची रेषा (जॉलाइन) ठळक दिसावी म्हणून फिलर, म्हणजे त्वचेखाली सुईने भरले जाणारे जेल, घेण्याची चौकशी आता बेळगाव शहरापुरती राहिलेली नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतील तरुण-तरुणीही लग्नाची तारीख ठरली की याबद्दल विचारू लागतात. या उपचारात चिरफाड नसते, भूल सुईपुरती किंवा मलमापुरती असते आणि तासाभरात घरी जाता येते. त्यामुळे हा प्रकार फेशियलच्या पुढची एक पायरी आहे, असा समज सहज होतो. माझ्या मते पुढच्या बहुतेक चुका याच समजातून होतात.

दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या बाजूला बोट ठेवले, तर चावण्याचा स्नायू टणक झालेला जाणवतो. त्या स्नायूच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या हाडाच्या खालच्या काठावर बोट हलकेच दाबून ठेवल्यास नाडीचे ठोके लागतात. ती फेशियल आर्टरी, म्हणजे चेहऱ्याची धमनी. मानेतून येऊन ती नेमकी याच ठिकाणी हाडाला वळसा घालते आणि ओठ, गाल व नाकाच्या बाजूला रक्त पुरवते. जॉलाइनसाठी जेल भरले जाते ते याच परिसरात. जेल चुकून धमनीत शिरले किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर त्यापुढील त्वचेचा रक्तपुरवठा बंद पडतो. असे क्वचितच घडते; पण घडल्यास वेळेत उपाय न झालेली त्वचा मरते आणि व्रण कायमचा राहतो. म्हणून आकार किती उठून दिसेल, याआधी विचारायचा प्रश्न हा आहे की, तसे काही झालेच, तर त्या रात्री मला कोण पाहील, कुठे पाहील आणि किती वेळात पाहील?

पाहुणे डॉक्टर आणि रात्रीचा प्रश्न

आपल्या भागात पुणे, कोल्हापूर, हुबळी किंवा बेंगळुरूहून आठवड्यातून अथवा महिन्यातून एक दिवस येणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. त्यात मुळात गैर काही नाही. त्यांच्यामुळेच अनेकांचा लांबचा प्रवास वाचतो. मात्र फिलरच्या बाबतीत ही व्यवस्था तपासून घ्यावी लागते. बहुतेक जेलमध्ये बधिर करणारे लिडोकेन मिसळलेले असते, त्यामुळे सुरुवातीच्या वेदना झाकल्या जातात. रक्तपुरवठा अडल्याची लक्षणे कधीकधी काही तासांनी स्पष्ट होतात आणि तोवर डॉक्टर परतीच्या गाडीत बसलेले असतात. अशा वेळी जबाबदारी घेणारे स्थानिक डॉक्टर कोण आहेत, त्यांचा रात्री उचलला जाणारा क्रमांक कोणता आणि हायल्युरॉनिडेज हे जेल विरघळवणारे औषध आज दवाखान्यात मुदतीच्या आत व पुरेसे आहे का, हे सुई टोचण्यापूर्वी विचारावे. दवाखान्याला या प्रश्नाचा राग आला, तर तेथून उठावे.

कोल्हापूरला किंवा गोव्याला जाऊन उपचार घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. बेळगावपासून दोन्हीकडचे अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि पावसाळ्यात रात्रीचा चोर्ला घाट हा आणीबाणीत धरण्याचा रस्ता नव्हे. निदान पहिली रात्र त्याच शहरात काढता येईल, अशी सोय करूनच वेळ घ्यावी. शनिवारी संध्याकाळची वेळ मी कोणालाच सुचवणार नाही.

कोणती सूज नेहमीची आणि कोणती नाही

पहिले दोन-तीन दिवस सूज, हलका ठणका आणि जागोजागी निळे-जांभळे डाग येणे अपेक्षित असते. डाग जायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. काळजीचे चित्र वेगळे असते. त्वचेचा एखादा पट्टा एकदम पांढरट पडतो, नंतर त्यावर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटते, वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि तो भाग गार लागतो. त्वचेवर बोट दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. तो रेंगाळत असेल, तर तातडीने दवाखाना गाठावा. दोन-तीन दिवसांनी त्याच पट्ट्यावर पुवाच्या बारीक पुळ्या येतात आणि लोक त्यांना मुरुमे समजून मेडिकलमधून मलम आणतात. तेवढ्यात मौल्यवान वेळ निघून जातो.

आणखी एक चूक बर्फाची. साध्या सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवणे ठीक आहे. पण त्वचा पांढरी पडली असताना बर्फ लावू नये, कारण गारव्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. स्वतःच्या मनाने गोळ्याही घेऊ नयेत. दिसणे अंधुक झाले, डोळ्यात तीव्र वेदना आली, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर १०८ ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे. जबड्याच्या फिलरने दृष्टीवर परिणाम होणे फार दुर्मिळ आहे, पण तेथे हिशेब मिनिटांचा असतो.

सिरिंजमध्ये काय आहे, हे न विचारणे

जॉलाइनसाठी सर्वाधिक वापरले जाते ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे घट्टसर जेल. आवश्यकता पडल्यास ते हायल्युरॉनिडेजने विरघळवता येते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइटचे फिलरही याच कामासाठी वापरतात. ते चांगला आधार देते, मात्र त्याला विरघळवणारे असे औषध नाही. पहिल्यांदा फिलर घेणाऱ्याने परत फिरण्याची वाट असलेला पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कायमस्वरूपी टिकणारे किंवा द्रवरूप सिलिकॉनचे इंजेक्शन स्वस्तात मिळत असले, तरी घेऊ नये.

सीलबंद खोका आपल्यासमोर उघडायला सांगावा. नाव, बॅच क्रमांक व मुदत वाचावी आणि खोक्यातील स्टिकर आपल्या कागदावर चिकटवून घ्यावे. एक सिरिंज साधारण १ मिलीची असते आणि दोन्ही बाजू व हनुवटी धरून जॉलाइनला पुष्कळदा २ ते ४ मिली लागते. जाहिरातीतला दर बहुधा एका सिरिंजचा असतो, तेव्हा एकूण खर्च आधीच लिहून घ्यावा. खर्च वाचावा म्हणून दोघा बहिणींनी किंवा मित्रांनी एक सिरिंज वाटून घेणे किंवा उरलेले जेल पुढच्या महिन्यासाठी ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या, सुईऐवजी दाबाने जेल आत ढकलणाऱ्या पेनबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे. ब्युटी पार्लरमध्ये असे पेन दिसले, तर तेथे चेहरा देऊ नये.

उपचार करणाऱ्याची वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी आणि त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर शिक्षण विचारण्यात संकोच बाळगू नये. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र पाहावे. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकजण ते न वाचताच सही करतात, कारण विचारायला लाज वाटते. प्रत्येक कलम मराठीत समजावून सांगा, असे शांतपणे म्हणावे आणि धोके कळल्याखेरीज सही करू नये.

जबड्याला खरोखर काय हवे आहे

फिलर भर घालते, ते काहीही कमी करत नाही. हनुवटीखाली चरबी असेल किंवा त्वचा सैल पडली असेल, तर जेल भरल्याने चेहरा रेखीव होण्याऐवजी जड दिसतो. चावण्याचा स्नायू वाढल्यामुळे जबडा चौकोनी दिसत असेल, तर उपाय स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनचा असू शकतो. खालचा जबडा मुळातच मागे असेल आणि दात नीट जुळत नसतील, तर आधी दंतव्यंगतज्ज्ञाला दाखवावे. निपाणी परिसर तंबाखूचा. गुटखा-सुपारीची सवय असलेल्यांचे तोंड पुरेसे उघडत नसेल किंवा जबड्याच्या कोनाशी एकाच बाजूला गाठ असेल, तर फिलरचा विचार बाजूला ठेवून त्या गाठीची व तोंडाची तपासणी करून घ्यावी. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बीम्स (बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) ही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील त्वचारोग विभागात आधी एक तटस्थ मत घेता येते.

लपवलेली माहिती

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ओठांवर वारंवार येणारी नागीण, संधिवातासारखे स्वयंप्रतिकारक आजार, चेहऱ्यावरचे पिकलेले मुरूम, गर्भधारणा किंवा अंगावर पाजणे, हे सर्व डॉक्टरांना सांगावे. हृदयासाठी दिलेली गोळी मात्र ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी अंगभर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल, तर तेही आवर्जून सांगावे, कारण अशा व्यक्तीला हायल्युरॉनिडेजचीही अ‍ॅलर्जी असू शकते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात हा अनुभव अनेकांना असतो, पण त्याचा इथे संबंध आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. दात काढणे, रूट कॅनल किंवा दात साफ करून घेणे फिलरच्या दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर टाळावे.

घरच्यांपासून उपचार लपवणे ही चूकही मी याच रांगेत ठेवतो. रात्री त्वचेचा रंग बदललेला आरशापेक्षा समोरच्या माणसाला आधी दिसतो. घरातल्या एकाला तरी खरे सांगून ठेवावे.

लग्नाच्या आठवड्यात सुई

माझ्या नात्यातील एका मुलाने लग्नाच्या सहा दिवस आधी जॉलाइन करून घेतली. सूज उतरलेली नव्हती, एक बाजू किंचित मोठी दिसत होती आणि हळदीच्या दिवशी काकू-मावश्यांनी प्रथेप्रमाणे दोन्ही गाल व हनुवटी भरपूर चोळली. सुदैवाने फारसे बिघडले नाही. तरी छायाचित्रांतील ती बाजू त्याला आजही खुपते. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा चोळल्याने जेल सरकू शकते आणि हळदीच्या रंगाखाली त्वचा पांढरी पडली की लाल, हे ओळखताच येत नाही. फिलर समारंभाच्या किमान एक महिना आधी घ्यावे. त्यानंतर सलूनमधील दाढीनंतरचे मालीश, पार्लरमधील फेशियल व ब्लीच दोन आठवडे बंद ठेवावे. वाफ, व्यायामशाळा आणि मद्य एक-दोन दिवस टाळावे.

दोन बाजूंत फरक वाटला, तरी दोन आठवडे थांबूनच तपासणीला जावे. सूज असताना दुसरी सिरिंज भरून बरोबरी साधायला गेल्यास सूज उतरल्यावर जबडा फुगीर दिसतो. परिणाम साधारण एक ते दीड वर्ष दिसतो, पण जेलचा काही अंश त्याहून अधिक काळ आत राहू शकतो, म्हणून ठरलेल्या तारखेला नव्याने भरण्याची गरज नसते. काही महिन्यांनी, क्वचित एखाद्या तापानंतर किंवा दाताच्या संसर्गानंतर, त्या जागी गाठ किंवा लालसर सूज आली, तर ती दाबून फोडू नये. दंतवैद्याकडे असो वा फिजिशियनकडे, फिलर घेतल्याचे सांगून स्टिकर चिकटवलेला तो कागद सोबत न्यावा.