स्पॅनिशचे दोन भूतकाळ: या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

इन्देफिनिदो ('झालं' असं अख्खं सांगणारा भूतकाळ) कधी आणि इम्पेर्फेक्तो ('होत होतं', 'व्हायचं' असं सांगणारा) कधी, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नेहमी दोन ओळींत हवं असतं. दोन ओळींत नाही बसत ते. पण कुठे आपटाल एवढं नक्की सांगतो.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'जास्त वेळ चाललं तर इम्पेर्फेक्तो, झटकन झालं तर इन्देफिनिदो'. माझ्याही डोक्यात हेच होतं. तेव्हा मी एका स्पॅनिश बाईंशी आठवड्यातून एकदा गप्पा मारायचो, सरावासाठी. आजोबा गेले ते त्यांना सांगायचं होतं. आजोबा सहा महिने अंथरुणाला खिळून होते, म्हणून मी हिशोब केला की एवढं लांबलेलं मरण म्हणजे इम्पेर्फेक्तोच, आणि दिलं ठोकून, 'मि आबुएलो से मोरीआ'. बाई गंभीर झाल्या, थोडं थांबल्या आणि काळजीने विचारलं, मग आता बरे आहेत ना? कारण मी म्हटलं होतं की आजोबा शेवटच्या घटका मोजत होते, पुढे गेले की वाचले ते माझ्या वाक्यात नव्हतंच! 'मुरिओ' म्हटलं असतं की काम झालं असतं.

किती वेळ लागला याचा काही संबंध नाही. गोष्ट सुरू होऊन संपली असं अख्खी धरून सांगताय, की तिच्या मधोमध उभं राहून सांगताय, एवढंच बघायचं. इबेरियन द्वीपकल्पात मुस्लिम सत्ता ७११ ते १४९२, म्हणजे जवळजवळ आठ शतकं होती, आणि 'ते तिथे आठ शतकं होते' म्हणायला तरी 'एस्तुबिएरोन'च लागतं, इन्देफिनिदो. आठशे वर्षांना चालतं तर तुमच्या तीन वर्षांच्या नोकरीलाही चालेल.

दुसरी चूक आपली खास, ती म्हणजे इंग्रजीतून वळसा घालून जाणं. इंग्रजीत 'वेंट' एकदाही आणि रोजही चालतं, मग पोरं रोजच्या शाळेलाही 'फुइ' लावतात. अरे, मराठीत 'गेलो' वेगळं आहे, 'जायचो' वेगळं आहे, 'जात होतो' वेगळं आहे! 'गेलो' म्हणजे 'फुइ' आणि बाकी दोन्ही 'इबा', इतकं आयतं ताट समोर असताना इंग्रजीकडे कशाला जायचं? मी अजूनही अडलो की वाक्य मनात मराठीत म्हणतो. फक्त 'होतो' दगा देतो, तिथे सावध. 'मी तिथे तीन वर्षं होतो' हे 'एस्तुबे', पण 'मी तिथे होतो तेव्हा फोन आला' यातलं 'एस्ताबा'.

याद्या पाठ करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. 'आयेर' म्हणजे 'काल' दिसलं की इन्देफिनिदो, असं लिहिलेले तक्ते सगळीकडे फिरतात आणि घाईवाले तेच छातीशी धरून बसतात. 'आयेर आ लास ओचो योबीआ', काल आठ वाजता पाऊस पडत होता. आयेर आहे, इम्पेर्फेक्तो आहे, काय करणार?

काही क्रियापदांचा तर अर्थच हलतो. 'साबीआ' माहीत होतं, 'सुपे' कळलं. 'कोनोसीआ' ओळखत होतो, 'कोनोसी' ओळख झाली. 'नो केरीआ' म्हणजे नको वाटत होतं, 'नो किसे' म्हणजे चक्क नाही म्हटलं, आमंत्रणाला उत्तर देताना हा फरक महागात पडतो.

घड्याळातली वेळ सांगताना इम्पेर्फेक्तो, 'एरान लास त्रेस', तीन वाजले होते, डोकं लावू नका. वयालाही तेच, अमुक वर्षांचा होतो म्हणायला 'तेनीआ'.

अख्खी गोष्ट इन्देफिनिदोत सांगितली तर पंचनामा होतो. मागचा देखावा इम्पेर्फेक्तोत ठेवा.

आणि कितीतरी जण इम्पेर्फेक्तो वापरतात तो निव्वळ आळसाने, कारण त्यात अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणं), इर (जाणं), बेर (बघणं). तिकडे इन्देफिनिदोत तुबे, इसे, दिखे, पुसे अशी रांगच आहे. मी ती पाठ केली भांडी घासताना, रोज पाच, महिनाभर. 'फुइ' मात्र असणं आणि जाणं दोन्हींचं एकच रूप आहे, त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.