शेवटच्या माणसालाही तेवढाच शिरा

मी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसमध्ये, ३१ वर्षं कंडक्टर होतो. २००७ साली तिची पीएमपीएमएल झाली, तरी आमच्या तोंडात अजून पीएमटीच. निवृत्त झालो आणि गल्लीतल्या मारुतीच्या देवळात प्रसाद वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुजारीबुवा म्हणाले, "तुम्हाला गर्दीची सवय आहे." गर्दीची होती हो, शिऱ्याची कुठे होती? पहिल्याच हनुमान जयंतीला मी सढळ हाताने द्रोण भरत सुटलो आणि शेवटच्या वीस-पंचवीस जणांसमोर पातेलं खरवडत बसायची वेळ आली. त्यात एक आजी होत्या. "असू दे रे, वास तर आला," असं म्हणून चप्पल घालून निघून गेल्या. मला त्या वाक्याची अजून लाज वाटते.

तेव्हापासून मी शिरा तिकिटांसारखा मोजतो. तुमच्याकडेही हे काम आलं असेल तर सांगतो कसं ते.

सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप, दूध-पाणी मिळून तीन लिटरच्या आसपास, वर केळी. एवढ्याचा शिरा सहा किलोच्या घरात उतरतो. माझ्याकडे एक लहान डाव आहे. तो सपाट भरला की चाळीस ग्रॅम बसतात, हे मी वाण्याच्या काट्यावर मोजून घेतलंय. म्हणजे दीडशे माणसं. द्रोण आदल्या रात्रीच पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या करून ठेवायचे, सहा गड्ड्या. उलथन्याच्या दांड्यावर सहा खुणा करायच्या. पहिली गड्डी संपली की दांडा पातेल्यात उभा धरून बघायचं, शिरा एक खूण उतरलाय की दीड. दीड उतरला असेल तर हात तिथेच आवरायचा. निम्म्या रांगेनंतर आवरलात तर लोकांच्या डोळ्यांत येतं, आणि पुण्यात ते कुणीतरी बोलून दाखवतंच.

वाढणारा माणूस एकच ठेवा. दोन हात आले की दोन मापं आली.

आता चवीचं. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातून होणारा घोटाळा कुणी आधी सांगत नाही. एका वर्षी साखर दोघांनी घातली. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याची राहिली. तो शिरा खाऊन लोक नळावर पाणी शोधत होते. म्हणून आता सगळं सामान आधी मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरतो आणि एक जिन्नस कढईत गेला की तो डबा ओट्यावर उपडा. उपडा डबा दिसला की विचारायचंच नाही.

नैवेद्याला सगळं पातेलं गाभाऱ्यात न्यावं लागत नाही. वाटीत थोडा शिरा, वर तुळशीचं पान, ताटाभोवती पाणी फिरवून दाखवला की ती वाटी परत पातेल्यात मिसळायची. मग सगळाच प्रसाद झाला. गणपतीच्या देवळात असाल तर तुळस वापरत नाहीत, दूर्वा ठेवा.

हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेला येते, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. सूर्योदयाला जन्म होतो तेव्हा सुंठवडा वाटायचा. तो कोरडा असतो, चिमूटभर पुरतो, त्याची काळजी नसते. काळजी दुपारच्या शिऱ्याची. त्यात दूध आहे, केळं आहे. तो अकराला उतरवला तर एकपर्यंत संपला पाहिजे. संध्याकाळच्या आरतीसाठी राखून ठेवू नका, आरतीला फुटाणे द्या. पातेल्यावर ताट गच्च झाकलं तर वाफेचं पाणी आत गळतं आणि वरचा थर चिकट होतो. मी स्वच्छ धुतलेला सुती पंचा घालतो.

भांड्यांबद्दल एकच. गोकुळाष्टमीला शेजारच्या मुरलीधराच्या देवळात काल्याला मला बोलावतात. तिथे जुनं पितळी पातेलं आहे, फार देखणं. पण कल्हई गेलेल्या पितळेत दही कळकतं, तो काला पोटाला बाधतो. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे चौकशी करून कल्हई लावून घ्या, नाहीतर मुकाट्याने स्टीलचं घमेलं काढा. देवाला चालतं.

द्रोण पळसाच्या पानांचे आणा, मंडईच्या आसपास मिळतात. चंदेरी अस्तराचे कागदी द्रोण स्वस्त पडतात, पण ते धड ओल्या कचऱ्यात जात नाहीत की सुक्यात. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एकदा अख्खी पिशवी माझ्यासमोर उघडून दाखवली होती. पुन्हा आणले नाहीत.

रांगेत तीर्थ आणि प्रसाद शेजारी-शेजारी ठेवू नका. तीर्थ घेतलेला हात ओला असतो, लोक तो डोळ्यांना, डोक्याला लावतात, आणि त्याच हातावर शनिवारचे फुटाणे दिले की निम्मे तळव्याला चिकटतात, निम्मे पायाखाली. तीर्थ गाभाऱ्याच्या दाराशी, प्रसाद बाहेर पडायच्या वाटेवर, मध्ये एक प्रदक्षिणा. तेवढ्यात हात वाळतो. आणि प्रसादाच्या टेबलावर दक्षिणेचं ताम्हन ठेवायचं नाही. विश्वस्तांशी माझं यावरून वाजलं होतं. ताम्हन समोर असलं की ज्याच्या खिशात काही नाही तो पोरगा रांगेतून बाजूला होतो. दानपेटी आत आहे, ज्याला टाकायचे तो टाकतो.

हे पोरगे म्हणजे स्पर्धा परीक्षावाले. पेठेत अभ्यासिका भरल्यात त्यांच्या. कुणी परभणीचा, कुणी धाराशिवचा. महिनाअखेरीला शनिवारी संध्याकाळी दोन-दोनदा रांगेत येतात. येऊ द्यावं. मी ओळखतो, पण ओळख दाखवत नाही. फक्त रांग संपत आली की उरलेलं त्यांच्याकडे वळवतो. "जरा संपवायला मदत करा रे" म्हटलं की त्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

शनिवार धरणारे बरेच असतात. त्यांना खाण्याचा आग्रह करू नका, फुटाणे कागदात बांधून द्या, रात्री उपास सोडताना खातात. मधुमेहाच्या माणसाने बोटाच्या टोकावर मागितला तर तेवढाच द्या. "देवाचं आहे, काही होत नाही" हे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारलं तर मी त्याच्या हातातून डाव काढून घेतो. होतं. आमच्या हिला झालं होतं. शेंगदाणे, काजू घातले असतील तर लहान मुलाच्या आईला आधी सांगायचं.

वाडे बघायला येणारे परदेशी पाहुणेही कधी आत डोकावतात. एकाने पाकीट काढून विचारलं, किती? मी बोटांनी शून्य करून दाखवला. सुट्टे मागायची सवय मोडायला मला असाच माणूस लागत होता. त्यांना उजवा हात पुढे, डावा त्याखाली, हे बोलून कळत नाही. आपण स्वतः एकदा घेऊन दाखवायचं. कुणी नको म्हणून हात जोडले तर आपणही हात जोडायचे आणि पुढच्याकडे वळायचं. घेतल्यावर कुठे खायचं, द्रोण कुठे टाकायचा हेही दाखवा, नाहीतर बिचारे द्रोण धरून अर्धा तास फिरतात.

दीडशे द्रोण वाटून झाले की पातेल्याच्या तळाला खरवड उरते, लालसर, तुपाने चकाकणारी. ती वाटपाच्या हिशेबात धरायची नाही. ती मी आणि पातेलं घासायला थांबलेला पोरगा, दोघे पायरीवर बसून खातो.