पट्टीवर एकच रेघ आली तरी नमुन्यांचा डबा पाठवा

नवीन रुजू झालेले पशुधन विकास अधिकारी फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, बर्ड फ्लूसाठी कुठलं रॅपिड किट चांगलं?" मी उलट विचारतो, पक्षी कुठला निवडणार? कंपनी कुठलीही असो, किटमधली नेहमीची पट्टी इन्फ्लूएंझा ए विषाणूचं (बर्ड फ्लूचा विषाणू याच गटातला) एक प्रथिन शोधते, आणि ते नमुन्यात भरपूर असेल तरच तिला सापडतं. प्रयोगशाळेतलं पीसीआर यंत्र विषाणूच्या जनुकाचा तुकडा वाढवत नेतं, म्हणून थोडासा विषाणूही तिथे पकडला जातो. पट्टीत अशी वाढ होत नाही. म्हणून स्वॅब घ्यायचा तो मान टाकून बसलेल्या किंवा नुकत्याच मेलेल्या पक्ष्याचा, आणि तोही एकाचा नाही, निदान पाचांचा. मालक बहुतेक वेळा शेडमधली सगळ्यात तरतरीत कोंबडी हातात धरून उभा असतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याची लाखांची बॅच अडकलेली असते. कोंबडी परत ठेवायला सांगा आणि कोपऱ्यात पंख पाडून बसलेली उचला.

परसात कोंबड्यांबरोबर बदकं असतील तर आणखी सावध राहा. बदक धडधाकट दिसत असताना विषाणू बाहेर टाकत असतं. त्याची पट्टी कोरी आली म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नका.

किट काढायचं कधी? उन्हाळ्यात पंखे बंद पडून कोंबड्या मेल्या तर तिथे पट्टीचं काम नाही. पण मरतूक रोज चढत असेल, अंडी एकदम उतरली असतील, तुरा निळा पडला असेल, डोकं सुजलं असेल, पायाच्या नळीवर लालसर-जांभळे डाग असतील, तर थांबू नका. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) असंच दिसू शकतं. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे ओळखण्याची हुशारी कुणी दाखवू नये. आणि अशा शेडच्या दारात शवविच्छेदन अजिबात नाही. पोट फाडलंत की विषाणू हवेत, हातावर आणि मातीत.

आत शिरण्याआधी अंगभर पोशाख, एन-९५ मास्क, गॉगल, गमबूट, दोन जोड हातमोजे. वरचा जोड प्रत्येक पक्ष्यानंतर बदलायचा. मोबाइल गाडीत ठेवा. फोटो हवाच असेल तर फोन पारदर्शक पिशवीत घाला, नाहीतर तोच फोन घरी जाऊन पोरांच्या हातात जातो.

आता स्वॅब. प्लास्टिकची काडी आणि कृत्रिम धाग्याचं टोक असलेलाच घ्या. लाकडी काडीचा, कापसाचा स्वॅब पुढे पीसीआरला अडचण करतो. आधी घसा, मग गुदद्वार. सहायकाने पक्षी पंखांसकट काखेत धरावा. चोच उघडून जीभ जराशी पुढे ओढली की श्वासनळीचं तोंड उघडझाप करताना दिसतं. ते उघडेल तेव्हा टोक अलगद आत न्यायचं, भिंतीला लावून फिरवायचं. पक्षी लहान असेल तर श्वासनळीत घुसवू नका, टाळूची फट आणि घसा पुसून घ्या. गुदद्वाराच्या स्वॅबलाही भिंतीचा स्राव लागला पाहिजे. विष्ठेचा गोळा चिकटला तर झटकून टाका. टोक किंचित माखलेलं असलं की पुरे. जास्त माखलेल्या स्वॅबमुळे पट्टी तुंबते, द्रव पुढे सरकत नाही आणि तुम्ही मात्र वाट बघत बसता.

एका जागेचे दोन स्वॅब घ्यायचे, एक किटसाठी आणि एक प्रयोगशाळेसाठी. किटच्या द्रावणात बुडवलेला स्वॅब प्रयोगशाळेला पाठवायचा नाही. त्या द्रावणात विषाणू फोडणारी रसायनं असतात. दुसरा स्वॅब सरळ विषाणू-वाहक माध्यमाच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळीत.

किट फ्रिजमधून आणलं असेल तर पाकीट बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. पाकीट आधी फोडलं तर पट्टी दमट होते. मुदत तपासा. स्वॅब द्रावणात फिरवा, नळीच्या भिंतीला दाबून पिळा, गाळ खाली बसू द्या, मग सपाट जागेवर ठेवलेल्या पट्टीवर माहितीपत्रकात सांगितले तेवढेच थेंब टाका. घड्याळ लावा. बहुतेक किट पंधरा मिनिटांच्या आसपास वाचायची असतात. तासाभराने उमटलेली रेघ धरायची नाही.

पट्टीवर 'सी' ही पट्टी नीट चालल्याची खूण आणि 'टी' ही विषाणूची. 'सी'पाशी रेघ नसेल तर चाचणी बाद, नवी पट्टी घ्या. 'सी' आणि 'टी' दोन्ही आल्या तर पॉझिटिव्ह. 'टी'ची रेघ फिकी असली तरी ती रेघच आहे. उन्हात डोळे बारीक करून "नसावी बहुतेक" म्हणायचं नाही. पण पॉझिटिव्हचा अर्थही नीट समजून घ्या. या पट्टीला बर्ड फ्लूचा घातक एच५ उपप्रकार वेगळा कळत नाही. आपल्याकडच्या कळपांत फिरणारा सौम्य एच९एन२ उपप्रकार असला तरी ती तशीच रेघ दाखवते. आणि फक्त 'सी' आली तर एवढंच कळलं की या स्वॅबमध्ये पट्टीला पुरेल इतका विषाणू नव्हता. "बर्ड फ्लू नाही" हे वाक्य त्या रेघेवरून कुणीही लिहू नये.

म्हणून पट्टी काहीही म्हणो, डबा निघालाच पाहिजे. नळ्यांवर पक्ष्याचा क्रमांक, जागा, तारीख. तीन आवरणं, भोवती बर्फाच्या पिशव्या, वर पत्र. नमुने थंड राहिले पाहिजेत, गोठवायचे नाहीत, फॉर्मेलिन तर नाहीच. आपले नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला एच५एन१ सापडला तो भोपाळच्या निदानावर. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याच्या कोंबड्या, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरचे कावळे, निकाल तिथूनच आले. कावळे मरून पडत असल्याचा फोन आला तर तो हसण्यावारी नेऊ नका.

पट्टीचा खरा उपयोग अहवाल यायच्या मधल्या काळात आहे. दोन रेघा दिसल्या की पशुसंवर्धन उपायुक्तांना फोन आणि त्या फार्मवरून पक्षी, अंडी, खाद्य, खत, गाडी, सगळं जागच्या जागी बंद. दुसऱ्याच्या शेडवर त्या दिवशी जायचं नाही. अहवाल आला की एक किलोमीटरमधले पक्षी नष्ट करणं आणि दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण, हे पुढचं काम शासनाच्या आदेशाने होतं. मालकाला एक गोष्ट आधीच सांगा: नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. लपवण्यात त्याचाच तोटा आहे, हे कळलं की पुष्कळ जण स्वतःहून फोन करतात. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक त्याच्या शेडच्या दारावर लिहून या.

वापरलेल्या पट्ट्या, स्वॅब, हातमोजे दुहेरी पिशवीत घालून तिथेच जाळा किंवा चुना टाकून खोल पुरा. गाडीच्या डिकीत टाकून तालुक्याला आणायचं नाही. गमबूट आधी साबणाने घासा, मग हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवा. शेणमाती लागलेल्या बुटावर औषध काम करत नाही. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. पुढचे दहा दिवस स्वतःला, सहायकाला आणि शेडवरच्या मजुरांना ताप-खोकला येतो का बघा. आला तर आरोग्य खात्याला कोंबड्यांचं आधी सांगा, तापाचं नंतर.