प्रोग्रेसिव्ह नेत्याचं रेकॉर्ड कसं तपासायचं

अमेरिकेत राज्य आणि काउंटी (राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ही दोन वेगळी कामं आहेत, त्यामुळे दोन्ही वेगवेगळी तपासा. कॅलिफोर्नियाच्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पुरोगामी, नेत्या शीला क्यूल यांचंच घ्या, 1994 ला राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहावर, असेंब्लीवर निवडून आल्या, मग 2000 ते 2008 राज्याच्याच सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. विधिमंडळाच्या साइटवर बिल नंबर टाकला की कुणी कसं मत दिलं, काय दुरुस्त्या झाल्या, गव्हर्नरने सही केली की व्हेटो (नकार), सगळं दिसतं, आणि नुसते झालेले कायदे मोजू नका हं, कारण सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा देणारं क्यूल यांचं एसबी 840 (सिनेट बिल 840) हे बिल 2006 मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगरनी व्हेटो केलं. माझ्या मते नेता अशाच बिलांवरून कळतो. त्यांचा 2002 चा पगारी फॅमिली लीव्हचा (कुटुंबाच्या काळजीसाठी पगारी रजेचा) कायदा मात्र झाला, देशात पहिला!

काउंटीत मोशन (बोर्डापुढचे ठराव), ऑर्डिनन्स (स्थानिक कायदे) आणि बजेट बघायचं. क्यूल 2014 ला लॉस एंजेलिस काउंटी बोर्डावर आल्या, तिथे पाचच सुपरवायझर (बोर्डाचे निवडून आलेले सदस्य), बहुतेक निर्णयांना तीन मतं मिळाली की झालं, म्हणून मीटिंगचे मिनिट्स वाचाच. 2015 मध्ये टप्प्याटप्प्याने 15 डॉलर किमान वेतनाचा निर्णय 3-2 ने झाला, क्यूल त्याच्या बाजूने होत्या. पण तो शहरांच्या हद्दीबाहेरच्या भागापुरताच, तेव्हा नियम नक्की कुणाला लागू होतो तेही बघा.