चावट ‘मांगा’वरून (जपानी चित्रकथेवरून) मालिका करताना या चुका टाळा

कागदावर खदखदून हसवणारा चावट प्रसंग चित्रीकरणानंतर नुसता ओशाळवाणा वाटू लागला, तर संवाद बदलत बसण्याची घाई करू नये. आधी कॅमेरा कोणाकडे पाहतो आहे ते तपासावे. मांगातील शरीर चार रेषांचे असते, म्हणून वाचक त्या अतिशयोक्तीला हसतो. पडद्यावर मात्र तिथे हाडामांसाची अभिनेत्री उभी असते आणि कॅमेरा तिच्यावर रेंगाळला की विनोद संपून टक लावून पाहणे तेवढे उरते. ज्याची फजिती होते आहे त्याच्या चेहऱ्यावर चौकट ठेवली, तर तोच प्रसंग बहुधा सावरतो. पात्रे शाळकरी असली तरी कलाकार सज्ञानच हवेत, हे ओघाने आलेच.

दुसरी चूक अतिअभिनयाची. अकिरा हिरामोतो यांच्या ‘प्रिझन स्कूल’मध्ये अत्यंत पोरकट भानगडी कमालीच्या गंभीर, बारीक छायांकन केलेल्या चित्रांतून येतात आणि हसू त्या विसंगतीतूनच फुटते. २०१५ मध्ये मालिका झालेल्या या कथेसारखे काही हाती असेल, तर नटाने डोळे वटारून विनोद दाखवू नये. पात्राला आपली फजिती जीवनमरणाचा प्रश्न वाटली पाहिजे.

मनातल्या विचारांचे फुगे निवेदनात जसेच्या तसे वाचून दाखवल्यास प्रसंग रेंगाळतो. ‘मिन्ना! एस्पर दा यो!’च्या नायकाला दुसऱ्यांच्या मनातले ऐकू येते, त्यामुळे टीव्ही टोकियोच्या २०१३ च्या मालिकेत तो आवाज कथेचाच भाग ठरतो. तशी सोय नसेल, तर निम्मे निवेदन कापावे.

प्रसारणाची वेळ शेवटी ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. तोरू फुजिसावा यांच्या ‘जीटीओ’तील शिक्षक ओनिझुका मूळ मांगात स्त्रियांच्या बाबतीत भलताच उतावळा आहे, १९९८ मध्ये फुजी टीव्हीवर मंगळवारी रात्री दहाला आलेल्या मालिकेत हा भाग पुष्कळ सौम्य करण्यात आला, पण विद्यार्थ्यांसाठी वाटेल ते करण्याची त्याची धडाडी शाबूत राहिली. शेवटच्या भागाची प्रेक्षकसंख्या ३५.७ टक्क्यांवर गेली. मध्यरात्रीच्या मालिकेला एवढे सोवळे पाळावे लागत नाही. मात्र वेळ ठरण्यापूर्वीच पटकथा लिहून झाली, तर नंतर वाहिनीची कात्री चावटपणावर चालेल की नायकाच्या स्वभावावर, हे लेखकाच्या हाती राहत नाही.